चावा दिसतो, जंत दिसत नाहीत

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला. नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, जंताचं औषध द्या आणि होती तिथेच सोडा; रेबीज झालेली किंवा अंगावर धावून येणारी मात्र सोडू नका, असं ठरलं. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश देशभरासाठी निघाला. म्हणजे विषय आपल्या गावापर्यंत आला.

टीव्हीवर भांडण जुंपलं ते चाव्यावरून. ते बरोबरच आहे, रेबीज झाला की माणूस वाचत नाही. पण त्या आदेशातलं 'जंताचं औषध' मला चर्चेत फारसं ऐकू आलं नाही. बाईमाणसाने लक्ष द्यावं ते नेमकं तिथे, कारण अंगण झाडते ती आणि मातीत खेळून आलेल्या पोराचे हात धुते तीही.

पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातच होतात. त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत जातात आणि महिनोन् महिने टिकतात. मुलाने मातीचा हात तोंडात घातला की ती पोटात जातात. अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोचतात आणि नजर अधू होते. कुत्र्याच्या आकडी जंताच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतात. मग त्वचेवर नागमोडी, खाजरी रेघ उठते. आपण तिला गजकर्ण समजून मलम चोळत बसतो.

दुसरा शत्रू गोचीड. ती कुत्र्याचं रक्त पिते आणि तापाचे जंतू सोडून जाते. कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर उपचार केले तर बहुतेक वाचतात. पण एकेक मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या भेगांत. नुसतं कुत्रं धुऊन काय होणार?

म्हणूनच मला वाटतं, नगरपालिकेने एकदा औषध पाजून कुत्रं सोडलं की काम संपलं, असं होत नाही. उकिरडा तसाच, मटणाच्या दुकानामागे टाकलेली आतडी तशीच, तर महिन्या-दोन महिन्यांत जंत पुन्हा हजर. तेव्हा नगरसेवक मत मागायला दारी आले की विचारा: नसबंदी किती झाली, जंताचं औषध किती वेळा दिलं, दुकानांची घाण कोण उचलतं?

घरी कुत्रं असेल तर पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला आणि मोठ्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून द्यावं. विष्ठा रोजच्या रोज उचलावी. गोचीड बोटांनी चिरडू नये, चिमट्याने ओढून काढावी. कुत्र्याला रॉकेल चोळणं, गुरांचं औषध अंदाजाने लावणं किंवा आपली तापाची गोळी देणं, हे तर मुळीच नको.

१० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी आपण मुलांना शाळेत गोळी देतोच. त्याच मुलांच्या पायाखालची माती मात्र आपण अजून कुणाच्याच हिशेबात धरलेली नाही.