आईबाप यंदाही वारलेलेच आहेत

माननीय जिल्हाधिकारी साहेब,

हे पाचवं पत्र. आधीच्या चारांपैकी एकाचं उत्तर आलं: 'आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे पाठविण्यात आला आहे.' ते संबंधित कोण, हे शोधण्यात माझे अकरा महिने गेले, म्हणून आता हे छापायला दिलं. जिल्ह्याचं आणि तालुक्याचं नाव घातलेलं नाही. गाव लहान आहे, मूल लगेच ओळखू येईल. ही काळजी खरं तर तुमच्या यंत्रणेनं घ्यायची होती.

प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे. आजी, सोळा वर्षांची नात, तेरा वर्षांचा नातू. बाप आधी गेला, दोन वर्षांनी आई. नात निरोगी आहे, नातवाला जन्मापासून एचआयव्ही. एआरटी केंद्रातून गोळ्या फुकट मिळतात, तो रोज न चुकता घेतो, शाळेत पळण्याच्या शर्यतीत पहिला येतो. तक्रार त्या केंद्राबद्दल नाही. तक्रार आहे बाल संगोपन योजनेच्या फायलीची.

ही योजना चांगली आहे. महिन्याला ४२५ रुपये होते ते २०२१ मध्ये ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५०. सावित्रीबाईंचं नावही दिलं गेलं. पण हुकूम एका वर्षाचा. दर वर्षी नव्यानं अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, पासबुक, शाळेचं बोनाफाईड, घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो आणि आईबापांच्या मृत्यूचे दाखले. तेही गेल्या वर्षीच्या फायलीतले चालत नाहीत, 'ताजी प्रत आणा.' आजी मला म्हणाली, "बाई, मेलेलं माणूस वर्साला परत मरतं व्हय?" बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आपल्या कार्यालयाला येत असेल तर कळवावं. आईबाप यंदाही वारलेलेच आहेत, एवढं मी लिहून देते.

आता हिशेब. गेल्या वर्षी या एका फायलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सहा खेपा झाल्या. आजीचं अर्धं तिकीट, मुलाचं पूर्ण (बाराच्या पुढे पूर्णच), जाऊन-येऊन ३१० रुपये. सहा खेपांचे १८६०. एचआयव्हीच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे, हे मलाही माहीत आहे. पण ते कार्ड कंडक्टरपुढे धरायचं म्हणजे गावच्या गाडीत दवंडी पिटायची, म्हणून आजी पैसे मोजते. तिची बुडालेली मजुरी, दिवसाचे ३०० प्रमाणे १८००. झेरॉक्स, फोटो, दाखले मिळून ३००. बेरीज ३९६०. म्हणजे पावणेदोन महिन्यांचं अनुदान अनुदान मागण्यातच संपलं. मुलाची शाळा सहा दिवस बुडाली ती वेगळी. आणि एवढं करून सात महिन्यांचे १५,७५० रुपये आजही जमा नाहीत. विचारलं की 'वरून निधी नाही'. वर म्हणजे कुठे, हे सांगायला कुणी तयार नसतं.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही केला होता. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. दिवसाला साधारण ५७ रुपये. आजी वर्षातून सत्तर दिवस खुरपायला गेली तर ती श्रीमंत ठरते. ते असो.

चौथ्या खेपेला जे घडलं ते मी आधीच्या चारही पत्रांत लिहिलं होतं. बाल कल्याण समितीपुढे मुलाला हजर करायचं होतं, आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. पंधरा-वीस माणसं होती. एक कर्मचारी फायलींचा गठ्ठा घेऊन दारात आला, वरची फाईल उघडली आणि मोठ्यानं म्हणाला, "ते एड्सवालं पोरगं कुठलं?"

मुलाला तोवर माहीत नव्हतं. रक्तात थोडा दोष आहे, म्हणून ताकदीची गोळी, असं आजीनं सांगितलेलं. एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताई त्याला हळूहळू, तीन-चार भेटींत नीट समजावून सांगणार होत्या, तारखाही ठरल्या होत्या. तो आजीकडे बघत राहिला. मग चपलेचा अंगठा तुटला होता, त्यात बोट घालून फिरवत बसला. परतीच्या गाडीत तो आजीशेजारी बसला नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाचीही ही माहिती उघड करता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्या कर्मचाऱ्याचं पुढे काय झालं? मला कळलंय त्याप्रमाणे काही नाही. फाईल मात्र त्रुटी काढून परत आली: पालकाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत, साहेब. मी सुचवलं की त्याच कायद्यानुसार बारा वर्षांवरचं समजदार भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं, बँकेचं खातंही चालवू शकतं, थोरली बहीण सोळाची आहे, तिचं नाव लावा. समोरून उत्तर आलं, "असा जीआर आमच्याकडे आलेला नाही." संसदेनं केलेला कायदा चालत नाही, जीआर लागतो!

आणि वर सल्ला, की आजी थकलीय तर पोराला संस्थेत टाका. पंढरपूरच्या पालवीनं, हासेगावच्या सेवालयानं, बीडजवळच्या इन्फंट इंडियानं ज्यांना कुणीच नव्हतं अशी मुलं पोटाशी धरली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण या मुलाला आजी आहे, बहीण आहे. संस्था हा शेवटचा उपाय, असं बाल न्याय कायदा सांगतो. तुमच्याकडे तो पहिला झालाय, कारण तो फायलीला सोपा पडतो.

आता गरोदर बायांची तपासणी आणि औषधं होतात, त्यामुळे अशी बाळं कमी जन्मतात. चांगलंच आहे. पण आधी जन्मलेली आता बारा-पंधरा वर्षांची आहेत आणि 'तुरळक प्रकरणं' म्हणून टेबलाच्या कडेला सरकली आहेत. समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घेणं कायद्यानं तुमच्याकडे आहे, तिच्याविरुद्धची तक्रार ऐकणंही. गेल्या आढाव्यात हे प्रकरण होतं का? हो किंवा नाही, एका ओळीत कळवा. थकलेले १५,७५० जमा करा. हुकूम अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा एकदाच काढा. फायलीवर आजाराचं नाव नको, नुसता क्रमांक पुरे.

यंदाचा अर्ज सोबत जोडला आहे. मृत्यूचे दाखले, ताजी प्रत, दोन. उत्पन्नाचा दाखला, एक. बोनाफाईड, दोन. घरासमोरचा फोटो जोडलेला नाही. मुलगा उभा राहायला तयार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका