तण गेलं, कांदाही गेला!

मेसच्या ताटातून कांदा गायब झाला की आपण सगळे मेस कमिटीच्या नावानं शंख करतो. मागच्या दिवाळीत आमच्या शेतातलं कांद्याचं रोप मात्र खुद्द मीच गायब केलं. त्याचीच ही कबुली. आणि त्यावरून सुचलेल्या चार गोष्टी.

मी केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला. सेमिनारसाठी विषय शोधताना 'अॅलिलोपॅथी' हा शब्द हाती लागला. हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली तो वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ साधारण 'एकमेकांमुळे सोसणं'. (रूम पार्टनर असलेल्यांना जास्त समजावून सांगायला नको!) एक वनस्पती मुळांतून, पानांतून किंवा कुजताना अशी रसायनं सोडते की शेजारणीची वाढ खुंटते. आणि यातलं एक नामांकित उदाहरण म्हणजे आपली ज्वारी. तिच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य झिरपतं. ते कोवळ्या रोपांचं प्रकाशसंश्लेषण अडवतं. पाकिस्तानात तर ज्वारीची धाटं पाण्यात भिजवून तो अर्क गव्हातल्या तणांवर फवारण्याचे प्रयोग झाले आहेत.

झालं! माझ्या अंगात शास्त्रज्ञ संचारला. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. हायब्रीड ज्वारी पावसात सापडून कडबा काळा पडला होता, जनावरं तोंड लावत नव्हती. मी अण्णांना म्हटलं, "फुकटचं तणनाशक आहे हे! खुरपणीची मजुरी वाचेल." अण्णा म्हणाले, "अरे, हायब्रीडच्या बेवडावर गहूसुद्धा पिवळा पडतो. कांद्याचं बी तर केवढंसं." मी हसलो. कुट्टी करून कडबा वाफ्यांत मिसळला, वरून भिजवलेलं पाणी फवारलं आणि सुट्टी संपली तसा हॉस्टेलवर आलो.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "तण नाही आलं बघ. पण कांदाही नाही आला." जे थोडं उगवलं ते पिवळं आणि मरतुकडं. अर्ध्या एकरासाठी रोप विकत आणावं लागलं. माझ्या दोन महिन्यांच्या मेस बिलाएवढे पैसे गेले. अण्णा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ज्वारीला काय माहीत, तण कोणतं अन् पीक कोणतं?"

मित्रांनो, हे वाक्य माझ्या सेमिनारच्या तीस स्लाइड्सपेक्षा भारी होतं. 'नैसर्गिक' हा शब्द दिसला की आपण डोळे मिटतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं आपण गृहीतच धरतो. हॉस्टेलमागे माजलेलं गाजरगवतही नैसर्गिकच आहे! १९५६ साली पुण्याहून त्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन पिकांची उगवण रोखतं, आणि ते उपटणाऱ्याच्या अंगावर पुरळही उठतं. निसर्ग ही रसायनं आपल्या सोयीसाठी बनवत नाही.

तण मारणं एकवेळ सोपं आहे, अवघड आहे ते 'फक्त तण' मारणं. आपल्या कॅम्पसमध्ये लाल फुलांचा बॉटलब्रश आहे ना, त्याचीच गोष्ट बघा. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका रासायनिक कंपनीतल्या संशोधकाच्या लक्षात आलं की या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य मिळालं. पण ते परिणाम दाखवायला फार जास्त प्रमाणात लागायचं. मग त्याच्या रचनेत बदल करत करत असंख्य संयुगं तयार केली, तपासली. शेवटी मेसोट्रायोन हे मक्यातलं तणनाशक २००१ साली बाजारात आलं. मका ते आपल्या शरीरात झटपट मोडून टाकतो, म्हणून वाचतो. तणांना ते जमत नाही, म्हणून ती पांढरी पडून मरतात. निरीक्षण ते उत्पादन, चोवीस वर्षं! मी तेच काम एका दिवाळीच्या सुट्टीत उरकायला निघालो होतो.

आता माझी खरी चूक सांगतो. माझं रोप सॉर्गोलिओननंच मेलं का? मी छातीठोकपणे सांगू शकत नाही! कच्चा कडबा कुजताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात, त्यानंही रोप पिवळं पडतं. काळ्या कडब्यावर बुरशी होती. वर मी कुट्टी आणि अर्क दोन्ही एकदम वापरले. तुलनेसाठी एक साधा वाफा राखून ठेवायचंही मला सुचलं नाही. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला 'ब्लँक रीडिंग' घेणारा मी, बापाच्या शेतात मात्र ते विसरलो.

मोठमोठेही इथे चकले आहेत. कॅलिफोर्नियात सुगंधी झुडपांभोवती गवत नसलेला पट्टा दिसतो. १९६४ साली म्युलर आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण सांगितलं, झुडपांतून निघणारी उडून जाणारी द्रव्यं. १९७० साली बार्थोलोम्यूने त्या पट्ट्यात जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यात गवत उगवलं! म्हणजे झुडपाच्या आडोशाला राहणारे प्राणी येऊन चरत होते, हे मोठं कारण होतं. एका साध्या पिंजऱ्यानं केवढा फरक पडला!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गावाकडचं ते अडाणी असं म्हणून हसू नये, आणि नैसर्गिक ते उत्तम असं म्हणून नाचूही नये. 'बेवड' या एका शब्दात कित्येक पिढ्यांचं निरीक्षण आहे. त्यामागचं कारण शोधणं हे आपलं काम. त्याला लाखाची ग्रँट लागत नाही. चार कुंड्या घ्या, मेथी पेरा. एकीत नुसती माती, दुसरीत कडब्याची कुट्टी, तिसरीत कुट्टी आणि चिमूटभर युरिया, चौथीत फक्त अर्क. तिसरी हिरवीगार झाली तर दोष नत्राचा. चौथीत मेथी उगवलीच नाही तर अर्कावर संशय घ्यायला जागा आहे. आणि हो, आधी माळीकाकांना विचारा, कोणत्या झाडाखाली काय उगवत नाही ते. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अण्णांनी यंदा मला प्रयोगासाठी एक वाफा दिलाय. एकच! बाकीच्यांत पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. मला ती शंभर टक्के मान्य आहे.