छत्तीस पानांचं बक्षीस

प्रत्येक ऑफिसात एक तरी कवी असतोच. अप्रेझलच्या फॉर्मवर तो कुठेच दिसत नाही, पण कुणाच्या सेंड-ऑफला चार ओळी हव्या असल्या की अख्खं डिपार्टमेंट त्याच्या टेबलाशी गोळा होतं. घरी त्याची एक वही असते, नाहीतर फोनमध्ये नोट्स. त्यात चाळीसेक कविता. त्यातल्या वीस-बावीस खरंच चांगल्या. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘अरे, पुस्तक काढ ना! पुरस्काराला पाठव!’ आणि इथूनच सगळी गडबड सुरू होते.

कारण पुस्तक म्हटलं की जाडी आली. कपाटात उभं ठेवलं की कण्यावरचं नाव वाचता आलं पाहिजे. बावीस कवितांत ते कसं जमणार? मग कॉलेजच्या गॅदरिंगमधली पावसाची कविता पुन्हा बाहेर निघते. मित्राच्या लग्नात रचलेली मंगलाष्टकं ‘प्रासंगिक’ या नावाखाली आत घुसतात. वर दोन प्रस्तावना, एक मनोगत आणि ऋणनिर्देशात साहेबांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे. झाली शहाण्णव पानं! बरेचदा छपाईचा खर्चही कवीच्याच खिशातून जातो. म्हणजे आपल्याच चांगल्या कवितांत पाणी घालायचं आणि त्या पाण्याचे पैसेही आपणच मोजायचे. परीक्षकाच्या हातात हे पुस्तक पडतं तेव्हा तो नेमकं पावसाच्या कवितेचं पान उघडतो. पुढचं काय सांगायचं?

पण बारीक असणं हा गुन्हा आहे, असं ठरवलं कुणी? १९६४ साली युनेस्कोनं जगभरच्या पुस्तकांची आकडेवारी नीट ठेवता यावी म्हणून एक व्याख्या केली. कव्हर सोडून किमान ४९ पानं असतील तर ते पुस्तक. ५ ते ४८ पानं असतील तर ते पॅम्फ्लेट. बस्स, इतकंच. ही मोजदादीची सोय होती, गुणवत्तेचं सर्टिफिकेट नव्हे.

आता आपल्याकडे पॅम्फ्लेट म्हटलं की सकाळी पेपरातून खाली पडणारा क्लासचा नाहीतर साडीच्या सेलचा कागद डोळ्यांसमोर येतो. इंग्रजी कवितेच्या जगात मात्र हा शब्द चांगलाच इज्जतदार आहे. पॅम्फ्लेट म्हणजे मध्ये पिना मारलेली, वीस-पंचवीस कवितांची पुस्तिका. अमेरिकेत तिलाच चॅपबुक म्हणतात. आणि ब्रिटनमध्ये फक्त अशा पुस्तिकांसाठी २००९ साली एक स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, मायकेल मार्क्स पुरस्कार. मागे ब्रिटिश लायब्ररीसारखी दादा संस्था. बक्षीस ५,००० पौंडांचं आणि अट काय, तर पुस्तिका ३६ पानांपेक्षा मोठी नको! आपल्याकडचा कवी पानं वाढवायला धडपडतो आणि तिकडे पानं वाढली तर एन्ट्रीच बाद.

पहिल्या वर्षी हा पुरस्कार एलिझाबेथ बर्न्स यांच्या ‘द शॉर्टेस्ट डेज’ला मिळाला. दुसऱ्या वर्षी, २०१० मध्ये, तो सेलिमा हिल यांना मिळाला. या बाई काही नवख्या नव्हत्या. १९८० च्या दशकापासून त्यांचे संग्रह येत होते. म्हणजे पुस्तिका ही फक्त शिकाऊ लायसन्सवाल्यांची गाडी नाही, मुरलेले कवीही ती हौसेनं चालवतात. आणखी एक गंमत म्हणजे तिथे कवीबरोबर प्रकाशकालाही वेगळं बक्षीस ठेवलं गेलं. अशा पुस्तिका छापणारी मंडळी बहुतेक वेळा घरच्याच टेबलावर कारभार चालवतात. त्यांची पाठ थोपटली नाही तर उद्या छापणार कोण?

या बारीक पुस्तिकांनी काय काय करून ठेवलंय, बघा. टी. एस. एलियटचं पहिलं पुस्तक १९१७ मध्ये आलं. कविता बारा, पानं चाळीस, प्रती पाचशे. युनेस्कोच्या फूटपट्टीनं पॅम्फ्लेटच! आणि त्या वर्षी एलियट काय करत होता? लंडनमध्ये लॉइड्स बँकेत नोकरी. फिलिप लार्किननं १९५१ मध्ये वीस कवितांची पुस्तिका स्वखर्चानं छापली, प्रती फक्त शंभर. तेव्हा तो बेलफास्टच्या विद्यापीठात लायब्ररीत कामाला होता. साहित्यातल्या बड्या मंडळींना त्यानं प्रती पोस्टानं धाडल्या, पण नुकतेच टपालाचे दर वाढलेले! तिकिटं कमी लागली. बड्या मंडळींकडून पुस्तिकेची फारशी दखलच घेतली गेली नाही. पण त्यातल्या बऱ्याच कविता चार वर्षांनी ‘द लेस डिसीव्ह्ड’ या संग्रहात आल्या आणि लार्किनचं नाव झालं ते त्या संग्रहानं.

इतक्या लांब कशाला, आपल्या मुंबईत या. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नामवंत आर्ट डायरेक्टर. क्लायंट, डेडलाइन सगळं त्यांनाही होतंच. १९५० च्या दशकात ते आणि दिलीप चित्रे यांच्यासारखे दोस्त ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक चक्क सायक्लोस्टाइल करून काढायचे. जाडजूड कणा सोडाच, धड छपाईही नाही. पुढे त्यांची ३१ इंग्रजी कवितांची ‘जेजुरी’ १९७४ मध्ये एका त्रैमासिकात आली. १९७६ मध्ये तिचं पुस्तक झालं, तेही क्लिअरिंग हाऊसतर्फे. हे क्लिअरिंग हाऊस म्हणजे कुणी बडा प्रकाशक नव्हे. कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून उभं केलेलं घरचंच दुकान. आणि १९७७ मध्ये ‘जेजुरी’ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं! एकतीस कविता पुरल्या. मराठीतल्या ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार आला २००५ मध्ये. तोवर कोलटकर या जगात नव्हते. पुरस्काराचं टायमिंग कवीच्या हातात नसतं. कोणती कविता ठेवायची आणि कोणती गाळायची, एवढंच असतं.

तर तुमच्या त्या बावीस कवितांचं काय करायचं? सरळ बारीक पुस्तिका काढा. फक्त काही गोष्टी आधी बघून घ्या.

पहिलं, छपाईचं गणित. पिनांच्या पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत असतात. सोळा पानांचे दोन फर्मे घेतले की बत्तीस पानं, वर कव्हरची चार, झाली छत्तीस. एका पानावर एक कविता धरली तर बावीस कविता ऐसपैस बसतात. आणि प्रस्तावना दोन नकोत, एकही नको.

दुसरं, पुरस्काराचे नियम. जाहिरातीतली रक्कम सगळे वाचतात, अटी कुणीच वाचत नाही. पुस्तक कोणत्या वर्षात प्रकाशित झालेलं हवं? किमान पानं किती, जास्तीत जास्त किती? प्रती किती द्यायच्या, कवीनं पाठवायच्या की प्रकाशकानं? प्रवेश फी आहे का? परदेशातल्या बऱ्याच चॅपबुक स्पर्धांना ती असते. दहा ठिकाणी एन्ट्री पाठवली तर पगाराच्या आठवड्यातही खिसा हलका होतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘पहिलं पुस्तक’ हा हुकमाचा पत्ता. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. हा पत्ता आयुष्यात एकदाच टाकता येतो. तुमची पुस्तिका ‘पहिलं पुस्तक’ म्हणून मोजली जाणार का, हे छापायच्या आधी विचारून घ्या, नंतर नको. साहित्य अकादमीचा २०११ मध्ये सुरू झालेला युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. पण त्या घाईपोटी पोतं भरू नका.

चौथं, आयएसबीएन. आपल्या देशात तो सरकारकडून फुकट मिळतो. कुणी त्याचे पैसे मागितले तर नम्रपणे चहा पाजा आणि स्वतः अर्ज करा.

एवढं करून पुरस्कार मिळेल का? कोण जाणे! पण ज्यात एकही भरतीची कविता नाही अशी पुस्तिका परीक्षक एका बैठकीत शेवटपर्यंत वाचू शकतो. लोकलमध्ये बोरिवली ते चर्चगेट उभ्यानं प्रवास करणारा माणूससुद्धा वाचू शकतो. जाड पुस्तक भेट दिलं की लोक ‘वा! वा!’ म्हणून कपाटात ठेवतात. बारीक पुस्तिकेचं तसं नाही. तिला कणाच नाही, कपाटात ती उभीच राहत नाही. हातातच राहते, मग वाचावीच लागते. कवीला याहून मोठं बक्षीस कोणतं हवं?

तेव्हा या वीकएन्डला वही उघडा आणि लाल पेन घ्या. पावसाची कविता आधी काढा. आणि हो, पाकिटावर तिकिटं पुरेशी लावा.