परवलीचा शब्द आणि परवानगीचा कागद

राष्ट्रीय उद्याने, सरकारी जमिनी आणि धरणे यांचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकेच्या 'इंटीरियर' खात्यात एक अभिनव परीक्षा घेण्यात आली. खात्याच्या महानिरीक्षकांच्या कार्यालयाने तेथील कर्मचाऱ्यांचे पासवर्ड कितपत टिकाव धरतात हे तपासले आणि जानेवारी २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. ८५,९४४ खात्यांपैकी १८,१७४ खात्यांचे, म्हणजे शेकडा २१ पासवर्ड तपासनिसांनी उलगडले. त्यांत ३६२ खाती वरिष्ठ अधिकाऱ्यांची होती. पहिल्या दीड तासातच शेकडा १६ खाती हाती आली, आणि यासाठी लागलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च १५,००० डॉलरांहूनही कमी होता. हेच काम एखाद्या भामट्याने केले असते, तर त्या खात्यावर केवढे संकट ओढवले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

हा रोग नवा नाही. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोन शास्त्रज्ञांनी ३,२८९ पासवर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतील २,८३१, म्हणजे शेकडा ८६ पासवर्ड एक तर अगदी आखूड होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या याद्यांत सहज सापडणारे होते. पुढे नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेला एक प्रोग्रॅम अमेरिकेतील हजारो संगणकांत शिरला. दरवाजे उघडण्याच्या त्याच्या युक्त्यांपैकी एक होती ४३२ सोप्या पासवर्डांची यादी. पित्याच्या संशोधनाने संगणकांची तटबंदी मजबूत करण्याचा मार्ग दाखविला. पुत्राच्या वाट्याला खटला, ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड आला. नुकसान करण्याचा हेतू नव्हता, हा त्याचा बचाव अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केला नाही. परक्या संगणकात परवानगीवाचून शिरण्याचा हेतू सिद्ध झाला की पुरे, नुकसान करण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, हे त्या निकालाचे सार.

पासवर्डांच्या तपासणीत 'परवानगी' या शब्दाला इतके महत्त्व का, हे तिची रीत पाहिली की ध्यानात येते. ही तपासणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात संस्थेने साठविलेल्या पासवर्डांची गणिती रूपांतरे ताब्यात घेऊन त्यांच्याशी जुळणारे शब्द शोधतात. 'इंटीरियर' खात्यातील परीक्षा या प्रकारची होती. दुसऱ्या प्रकारात तपासनीस बाहेरच्या माणसाप्रमाणे थेट लॉगिनच्या दारावर येतो. तेथे एकाच खात्यावर शेकडो शब्द लावून पाहिले, तर काही चुकांनंतर खाते बंद होते. म्हणून तो एखादा प्रचलित पासवर्ड अनेक खात्यांवर, सावकाशीने, लावून पाहतो. यात हिशेब चुकला तर ऐन पगारबिलाच्या दिवशी सारे कार्यालय आपल्याच संगणकाबाहेर ताटकळत राहावयाचे! यास्तव कोणती यंत्रणा तपासावयाची, कोणती वगळावयाची, किती प्रयत्न करावयाचे, काही बिघडल्यास कोणास कळवावयाचे आणि हाती आलेले पासवर्ड पुढे कसे नष्ट करावयाचे, हे सारे आधी लेखी ठरावे लागते.

पण परवानगी द्यावयाची कोणी? सप्टेंबर २०१९ मध्ये आयोवा राज्याच्या न्यायव्यवस्थेने सुरक्षा तपासणीसाठी नेमलेले दोन तपासनीस डॅलस काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत रात्री शिरले. इमारतीची कुलपे तपासणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. त्यांच्यापाशी अधिकारपत्र होते, तरीही स्थानिक पोलिसांनी त्यांना अटक केली. कारण इमारत काउंटीची, आणि काउंटीला कशाचाच पत्ता नव्हता. आरोप मागे घेतले जाण्यास जानेवारी २०२० उजाडले. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या अथवा संगणकाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून प्रवेश करण्यास मनाई आहे. तसे अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. अशा तपासणीसाठी केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने मान्यताप्राप्त तपासनीस संस्थांची यादीही केलेली आहे. तेव्हा 'सहज पाहिले, सापडले, सांगितले' असे म्हणणाऱ्या उत्साही विद्यार्थ्याने ही मर्यादा ओळखलेली बरी.

तथापि, परवानगीने प्रश्नाचा निम्माच भाग सुटतो. उरलेला निम्मा भाग आहे तो निकालाचे काय करावयाचे हा. 'इंटीरियर' खात्यात सर्वाधिक, म्हणजे ४७८ खात्यांवर आढळलेला पासवर्ड होता 'पासवर्ड-१२३४'! रोमन लिपीतील या पासवर्डात मोठे अक्षर होते, लहान अक्षरे होती, अंक होते, चिन्हही होते. नियमाची प्रत्येक अट त्याने पाळली होती, आणि उलगडलेल्या पासवर्डांपैकी जवळजवळ सारेच असे नियमात बसणारे होते. मग दोष कर्मचाऱ्याचा की नियमाचा? शिवाय खात्याच्या २८ अतिमहत्त्वाच्या यंत्रणांपैकी २५ यंत्रणांवर पासवर्डाखेरीज दुसऱ्या पुराव्याची सक्ती नव्हती. हा दोष तर निश्चितच लिपिकाचा नव्हता. अमेरिकेच्या मानके ठरविणाऱ्या 'निस्ट' या संस्थेने २०१७ मध्येच चिन्हांची सक्ती आणि ठराविक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती सोडून देण्याचा सल्ला दिला होता. त्याऐवजी लांब पासवर्ड घेऊ द्यावा, पूर्वी फुटलेल्या पासवर्डांची यादी ठेवून ते नाकारावेत आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी, असे सुचविले होते. दर काही दिवसांनी नवा पासवर्ड मागितला की माणूस जुन्याच्या शेवटी एक अंक वाढवितो, हे कोणत्याही कार्यालयात पाहावयास मिळते.

महाराष्ट्रात आज शिक्षकांची पगारबिले 'शालार्थ' प्रणालीतून निघतात. गुण, हजेरी, शिष्यवृत्ती, सेवानोंदी यांचीही वाट लॉगिनवरूनच जाते. एकच पासवर्ड चौघांना ठाऊक असणे, तो कपाटाच्या दाराआड चिकटविलेला असणे, ही दृश्ये परकी नाहीत. म्हणून येथेही अशी तपासणी व्हावयास हवी, आणि ती नियमितपणे व्हावयास हवी. मात्र तिच्या अहवालातून ज्यांचे पासवर्ड उलगडले त्यांच्या नावांची यादी आणि पाठोपाठ कारणे दाखवा नोटिसा निघू लागल्या, तर पुढच्या वेळी कर्मचारी तपासनिसापासूनच दोष लपवील. अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे, की असा पासवर्ड आपल्या यंत्रणेने मुळात स्वीकारलाच कसा? त्या प्रश्नाचे उत्तर वर्गातील शिक्षकापाशी किंवा टेबलावरील कारकुनापाशी नाही. ते नियम करणाऱ्यांनीच द्यावयाचे आहे.