आरोग्यचिंतन : दडवलेली फाईल

मुलगी उपवर झाली, स्थळे येऊ लागली, की काही घरांत एक जुनी फाईल कपाटाच्या तळाशी जाते. क्वचित जाळलीही जाते. तिच्यात बालपणी झालेल्या अस्थिकर्करोगाचे कागद असतात. पालकांचे भय समजण्यासारखे आहे, परंतु ही कृती त्या मुलीच्याच जिवावर बेतू शकते. जुन्या चोपड्या पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या आपल्या घरांना हेच कागद नकोसे व्हावेत, याचे नवल वाटते.

जेम्स युइंग या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये वर्णिलेला ‘युइंग सार्कोमा’ बहुधा किशोरवयात मांडीच्या, कमरेच्या वा छातीच्या हाडांत उद्भवतो. त्याच्या पेशी किरणांना लवकर दाद देतात. म्हणून केमोथेरपीच्या जोडीने अनेकांना किरणोपचारही दिला जातो. या उपचारांनी जीव वाचतो, मात्र निरोगी पेशींच्या जनुकांवरही त्यांचे ओरखडे उमटतात. त्यातून काहींना पुढे दुसरा कर्करोग होतो. हा जुना रोग परतणे नव्हे. तो सर्वस्वी नवा असतो. इटोपोसाइडसारख्या औषधांनंतरचा रक्तकर्करोग थोड्याच वर्षांत दिसतो. किरणे पडलेल्या हाडातील सार्कोमा मात्र अनेकदा दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा, म्हणजे सारे विसरले गेल्यावर डोके वर काढतो. बहुसंख्य मुलांना असे काहीही होत नाही. धोक्याच्या भीतीने उपचार नाकारणे हा तर अविचारच ठरेल.

छातीवर किरणे घेतलेल्या मुलीची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. तिची स्तनतपासणी पंचविसाव्या वर्षी, किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी, असे अमेरिकेतील बालकर्करोगतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. सासरच्या गावातील डॉक्टरांना पूर्वीच्या उपचारांची गंधवार्ताही नसेल, तर पंचविशीतील सुनेला ही तपासणी सुचवणार कोण?

अशा मुलांच्या दीर्घकालीन देखरेखीसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. उपचार जेथे झाले तेथून एक सारांशपत्र अवश्य मागून घ्यावे. रोगाचे नाव, औषधे व त्यांची एकूण मात्रा, किरणे शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती ‘ग्रे’ दिली, एवढे त्यात हवेच. घरात आणखी कोणाला तरुणपणी कर्करोग झाला असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. क्वचित त्यामागे आनुवंशिक दोष असतो. पूर्वी किरणे दिलेल्या जागी नवी गाठ आली किंवा दुखणे रात्री ठणकू लागले, तर मलमे चोळत न बसता ते पत्र घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जावे.