रमाईची पुडी आणि मोबाईलमधला बाजार



मागच्या महिन्यात धुळ्याला एका नातलग बाईंकडे गेले होते. बाई मोठ्या टापटिपीच्या. पगार झाला की नोटा काढून आणायच्या आणि पाकिटे भरायची. किराणा, दूध, दवाखाना, कपडालत्ता, एवढेच नव्हे तर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाण्याचेही वेगळे पाकीट. मुलीच्या फीचे पैसे मात्र बँकेच्या खात्यात. तरीही फी भरायच्या दिवशी खात्यात पैसे पुरेनात! बाई रडकुंडीला आल्या.

आम्ही दोघी हिशेबाला बसलो, तेव्हा चूक सापडली. साडी मोबाईलवर मागवली, तिचे पैसे खात्यातून गेले. कपड्याच्या पाकिटातली नोट तशीच राहिली. ती शिल्लक समजून पुढच्या आठवड्यात तिच्यातून चादरी आल्या. एकच रुपया दोनदा खर्च झाला आणि खड्डा पडला तो लेकीच्या फीत.

रमाईच्या काटकसरीची आठवण आपल्या घराघरांतून सांगतात. हाती येणाऱ्या मोजक्या पैशांच्या ती महिन्याच्या दिवसांप्रमाणे पुड्या बांधून ठेवी आणि रोज एकच पुडी सोडी. पाकिटाची युक्ती आपल्याला कुणी परक्याने शिकवायला नको. जळगावच्या फुले मार्केटात पाकीट रिकामे झाले की पाय आपोआप घराकडे वळतात. मोबाईलला मात्र आपले पाकीट दिसत नाही. ते आपणच त्याला दाखवावे लागते.

ते कसे? अगदी सोपे आहे. कपाटात आणखी एक पाकीट ठेवा आणि त्यावर ‘बँकेचे देणे’ असे लिहा. मोबाईलवर वस्तू मागवण्याआधी त्या खर्चाच्या पाकिटातून पोहोचवण्याच्या आकारासह तेवढी रक्कम काढून या पाकिटात टाका. नोट नसेल तर वस्तू मागवायची नाही. महिनाअखेर हे पाकीट बँकेत नेऊन भरा. वस्तू परत केली, तर पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावरच नोट जुन्या पाकिटात परत घाला, आधी नाही.

वस्तू दारात आल्यावर रोख देण्याची सोय असेल तर उत्तमच. तिचे पैसे मागवतानाच बाजूला काढून ठेवा. ज्या घरात सगळेच व्यवहार मोबाईलवर होतात, त्यांनी दुसऱ्या बँकेत किमान शिल्लक न लागणारे खाते उघडावे, खरेदीपुरतीच रक्कम त्यात टाकावी आणि मोबाईलला तेच खाते जोडावे. फीच्या खात्याला मोबाईलचा हात लागू देऊ नये.

आणि ‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ या गोड बोलण्याला भुलू नका. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले. ती वही आता हातातल्या काचेवर आली आहे, एवढाच फरक. हप्ता चुकला की दंड आणि व्याज आहेच.

तथागतांनी सिगाल या गृहस्थाला सांगितले होते, की मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा संकटासाठी राखून ठेवावा. आपल्या तुटपुंज्या पगाराचे असे सरळ चार भाग पडत नाहीत, हे खरे. पण राखून ठेवलेल्या भागाला हात लावायचा नाही, एवढे तर पाळता येते. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या लेकरांनी घरातल्या रुपयाचा हिशेब ठेवू नये काय?

एक विनंती बंधूंना. हा हिशेब एकट्या बाईच्या गळ्यात घालू नका. मोबाईल तुमच्याही खिशात आहे. पगाराच्या दिवशी दोघांनी आणि कळत्या मुलांनी एकत्र बसून पाकिटे भरावीत. त्या धुळ्याच्या बाईंनी आता तसे सुरू केले आहे. सगळ्यांत पहिले पाकीट भरते ते लेकीच्या फीचे.

जयभीम!