फोडी कुणाच्या, कोय कुणाची?

चैत्र उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना एकदम आरोग्याची आठवण होते. मुलांना वेफर्सऐवजी कलिंगड द्या, दमून घरी आलेल्या नवऱ्याला चहाऐवजी पन्हं द्या, सासूसासऱ्यांना पिकलेली पपई द्या. सल्ले चांगलेच असतात, त्यांच्याशी भांडण नाही. पण या सगळ्या मजकुरात क्रियापद एकच असतं, 'द्या'. 'खा' असं कुणी म्हणत नाही. जिला उद्देशून हे लिहिलेलं असतं, ती बाई बाजारातून पिशवी उचलून आणते, फळं धुते, चिरते, ताटलीत मांडते, साली भरते, चिकट ओटा पुसते. ती स्वतः काय खाते हा प्रश्न पुरवणीला पडत नाही, आणि खरं सांगायचं तर घरालाही पडत नाही.

आंब्याचंच घ्या. आंबा चिरला की दोन बाजूंच्या फोडी ताटलीत जातात आणि कोय चिरणारीच्या हातात राहते. कोकणात तिला बाठा म्हणतात. ओट्याशी उभ्या उभ्या ती कोय चोखते आणि बाहेर कौतुकानं सांगितलं जातं, आमच्या आईला ना, कोयच आवडते! हे ऐकतच मुलं मोठी होतात. मुलगी पुढे आपल्या घरी कोय चोखायला लागते आणि मुलगा बायकोलाही कोयच आवडत असणार असं धरून चालतो. कोय चोखण्यात मजा नसते असं नाही. रायवळ आंबा तर चोखूनच खायचा असतो. पण पुढ्यात फोडी आणि कोय दोन्ही असताना, आणि ती ताटली आधी आपल्यापुढे आलेली असताना कुणी कोय उचलली, तर त्याला आवड म्हणावं. उरलं ते खाणं याला दुसरं नाव आहे.

आमरसाच्या दिवशी हे आणखी स्पष्ट दिसतं. दोन डझन आंबे माचायचे, पिळायचे, रस गाळायचा, शिवाय कणीक मळून तव्यावरची पोळी थेट ताटात वाढायची. रसाच्या वाट्या पुन्हा पुन्हा भरल्या जातात. सगळे जेवून आडवे झाले की ही बसते, तेव्हा पातेल्याच्या तळाशी जे असेल ते तिचं. कित्येकजणी त्या पातेल्यात थोडं पाणी किंवा दूध घालतात, ते विसळून पितात आणि आपण काही वाया घालवलं नाही याचं समाधान मानतात. काटकसर हा गुण खरा. पण तो घरातल्या एकाच माणसाच्या ताटातून का वसूल व्हावा?

शहरातल्या मैत्रिणी म्हणतील, आता हे राहिलं नाही, आम्ही फ्रिज उघडतो आणि हवं ते घेतो. काही घरांत ते खरं आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण पेटी महाग असेल तेव्हा बघा. घरात माणसं पाच आणि आंबे चार असले की वजाबाकी कुणाची होते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. भांडण होत नाही, कुणी कुणाला नको म्हणत नाही, ती स्वतःच बाजूला होते. म्हणून तर ही गोष्ट अन्याय म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात येते ती रक्त तपासल्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे मधल्या काळात तो कमी झाला नाही, वाढला. याच वयाच्या पुरुषांमध्ये तो शंभरात २२ होता. पाळी आणि बाळंतपणं यांमुळे बाईच्या अंगातलं लोह जास्त जातं हे खरं. पण मग जिच्या अंगातून जास्त जातं तिच्या ताटात जास्त पडायला नको का? आपल्याकडे नेमकं उलट होतं. गरिबी हे कारण मोठंच आहे, मात्र एकाच छपराखाली, एकाच उत्पन्नात बाईला रक्तक्षय आणि पुरुषाला नाही असं दिसतं तेव्हा त्याचं सगळं खापर गरिबीवर फोडता येत नाही.

इथे मधल्या वेळच्या खाण्याचा विचार करायला हवा. सकाळी सगळ्यांचे डबे गेल्यावर बाई कालची पोळी चहात बुडवून खाते. मग दुपारी दोन-अडीचला जेवते, पुन्हा चारला चहा. त्याच्याबरोबर खारी, टोस्ट, नाहीतर बिस्किटं. तिची भूक चहानं मारलेली असते. मधल्या वेळचं खाणं तिच्या हातून रोज होतं, शिरा, पोहे, भजी, पण ते शाळेतून येणाऱ्यांसाठी आणि कामावरून येणाऱ्यांसाठी. आता चहातली गंमत अशी की जेवणाला लागून घेतला तर तो पालेभाजीतलं, बाजरीतलं, डाळीतलं लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतलं क जीवनसत्त्व तेच लोह अंगी लागायला मदत करतं. भाकरी-भाजीवर लिंबू पिळणं, ताटात कैरीची फोड घेणं, चहा तास-दीड तास पुढे ढकलणं, याला पैसा फारसा लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाला दिवसाला १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे सोललेलं एक मध्यम केळं. एवढंही लाखो बायकांच्या पोटात जात नाही. (रक्तक्षय असेल तर नुसती फळं खाऊन तो जात नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. हे सांगितलं पाहिजे, कारण 'घरगुती उपाय' म्हटलं की दवाखाना टाळायला घरच्यांना निमित्त मिळतं.)

जे थोडंफार बाईच्या वाट्याला येऊ शकलं असतं, त्यातलं पुष्कळ उष्ण आणि थंड यांनी खाल्लं आहे. पाळीत पपई नको, गरोदरपणी अननस नको, फणस नको, बाळंतिणीला केळं नको कारण बाळाला सर्दी होईल. कच्च्या पपईचा चीक गरोदरपणी टाळावा असं डॉक्टरही सांगतात, ते ऐकावं. पण त्यावरून पिकलेली पपई, मग आंबा, मग फणस, मग केळं असं करत करत फळांची टोपलीच तिच्यापुढून उचलली जाते, आणि तीही जेव्हा तिला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. पुरुषाच्या बाबतीत उष्ण-थंड निघतं ते फार तर सर्दी-खोकल्याला. त्याच्या आयुष्यात अशी पथ्यांची नऊ-नऊ महिन्यांची पर्वं नसतात.

आपल्याच रीतीभातींत एक जागा मात्र अशी आहे जिथे उन्हाळ्यात बायका बसून, निवांत, एकमेकींच्या सोबतीनं खातात. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर कुणाकडे ना कुणाकडे आमंत्रण असतं आणि पुढ्यात येतं ते काय, तर कैरीची वाटली डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. तळण नाही, मैदा नाही. डाळ-हरभऱ्यांतलं लोह आणि जोडीला आंबट कैरी, आहारतज्ज्ञाला विचारून ठरवलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. पण हा खाऊ मिळतो सवाष्णीला. नवरा गेला की आमंत्रण बंद. शिवाय हे हळदीकुंकू मुख्यतः काही जातींच्या घरांतलं, धुणंभांडी करणारीला दारातच वाटीत घालून दिलं जातं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच मे महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठरावाच्या पुढची पायरी फार सोपी आहे. गौर मांडायची असेल त्यांनी मांडावी, नसेल त्यांनी मांडू नये, पण डाळ आणि पन्हं सगळ्याजणींना, एका सतरंजीवर बसून. गावोगावच्या महिला मंडळांना एका चैत्रात करता येईल असं हे काम आहे.

आता घराबाहेरच्या बाईकडे येऊ, जी ही फळं आपल्यापर्यंत आणते. कर्जत, कसारा, खंडाळा, महाबळेश्वर, कुठल्याही घाटात मे महिन्यात ठाकर, कातकरी बायका पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या दिसतात. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात टेंभरं आणि चारं असतात. पहाटे अंधारात निघायचं, काट्याकुट्यांतून एकेक करवंद वेचायचं, बोटं चिकानं चिकट होतात, मग ते डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायचं. गाडीची काच खाली करून आपण द्रोणामागे पाच रुपये कमी करून घेतो. संध्याकाळी त्या पैशांतून ती घरी काय नेते? तांदूळ, तेल, मीठ-मिरची आणि मुलासाठी बिस्किटांचा पुडा. ताजं फळ विकून बिस्किट विकत घेण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो तिला कळत नाही म्हणून होत नाही. करवंद संध्याकाळपर्यंत मऊ पडतं, पुडा महिनाभर टिकतो आणि पोटात लवकर भर घालतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्यांना दिला, जमिनीचा दावा मंजूर झाला तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितलं. कागदावर हे फार मोठं आहे. पण करवंदीच्या जाळ्या काही सगळ्या सरकारी जंगलात नसतात. माळ विकला जातो, फार्महाऊसचं कुंपण पडतं, आणि पिढ्यान् पिढ्या जिथून रानमेवा यायचा ती जागा एका उन्हाळ्यात बंद होते. तिथे तिचा हक्क कुठल्या सातबारावर असतो? पोषणाच्या चर्चेत हे कुंपण येत नाही, ते आलं पाहिजे.

खोक्यातल्या रसांबद्दल थोडक्यात. जाहिरातीत आई मुलाला थंडगार 'फळ' देते आणि आई म्हणून पास होते. नियमानं साध्या फ्रूट ड्रिंकमध्ये फळांचा रस फक्त १० टक्के असला तरी चालतो, बाकी मुख्यतः साखर-पाणीच. अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असं छापलेलं असे, ते काढून टाकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये सांगितलं. त्या पैशांत तीन-चार केळी येतात.

बाईच्या खाण्याबद्दल सरकार बोलतं तेव्हा ते बहुतेक वेळा पोटातल्या बाळाबद्दल बोलत असतं. २०१५ मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायकांसाठी अमृत आहार योजना आली. तिच्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. शिजवलेलं पूर्ण जेवण, आणि ते अंगणवाडीत बसून जेवायचं. कोरडा शिधा घरी नेला की त्याचे वाटे होतात आणि बाईचा वाटा सर्वांत लहान राहतो, हे त्या नियमात न बोलता मान्य केलेलं आहे. पण बाळ अंगावरून सुटलं की ती यादीतून सुटते. चाळिशीतली, पाळी जाण्याच्या वाटेवर असलेली, एकटी, मूल नसलेली बाई कुठल्या यादीत आहे? ती कुणाची आई म्हणून नव्हे, तिला भूक आहे म्हणून खाणार. तिला जांभूळ आवडतं, जीभ जांभळी होईपर्यंत खायला आवडतं, एवढं कारण पुरेसं का नसावं? आरोग्याच्या नावाखाली आपण बाईच्या तोंडातल्या चवीचंही औषध करून टाकतो.

आणि ती चव बाहेर, चारचौघांत घेण्याची तर गोष्टच निराळी. भर उन्हात गाड्याशी उभे राहून कलिंगडाची डिश खाणारे पुरुष गावोगाव दिसतात. एकटी बाई तशी क्वचित. लोक काय म्हणतील हे एक कारण. दुसरं कारण त्याहून साधं आहे आणि त्याबद्दल बोलायला आपण लाजतो. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि बाजारात, एस.टी. स्टँडवर, मजूर अड्ड्यावर बाईला लघवीला जायला जागा नसते. म्हणून ती कलिंगड खात नाही, ताक पीत नाही, बाटलीतलं पाणीही घोट-घोट पुरवते आणि उन्हाळी लागून, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होऊन घरी येते. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' या नावानं मोहीम सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि बायकांना पैसे, हा साधा हिशेब तिनं पुढे आणला होता. छोट्या गावांत पैसे घ्यायलाही मुतारी नाही अशी अवस्था कितीतरी ठिकाणी आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात आपापल्या गावच्या मंडईत जा, तिथे फळं विकायला बसलेल्या बायका मोजा आणि त्यांच्यासाठी पाणी असलेली, दाराला कडी असलेली, फुकट मुतारी आहे का ते पाहा. नसेल तर त्या बायकांच्या सह्यांसह नगरपालिकेकडे अर्ज द्या आणि त्याची एक प्रत पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवा.